व्हीआरमधून सहवेदना: सामाजिक प्रश्नावरचा अनुभव कसा घडवावा आणि कसा दाखवावा

सामाजिक प्रश्नावर व्हीआर (आभासी वास्तव) अनुभव तयार करायचा असे ठरले की बहुतेक गट सर्वप्रथम कॅमेरा आणि डोळ्यांवर चढवायचा हेडसेट यांची चौकशी सुरू करतात. हा क्रम उलटा आहे. हा अनुभव कोण पाहणार आहे आणि हेडसेट काढून ठेवल्यानंतरच्या आठवड्याभरात त्या व्यक्तीने नेमके काय करावे अशी आपली अपेक्षा आहे, हे आधी लिहून काढावे. ‘लोकांमध्ये जाणीव निर्माण व्हावी’ एवढे उत्तर पुरेसे नाही, कारण जाणीव झाली की नाही हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही आणि दाखवणाऱ्याला तपासता येत नाही. व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तींना सार्वजनिक इमारतीत येणाऱ्या अडचणी हा विषय घेतला, तर इमारतीची देखभाल पाहणारे, खर्चाला मंजुरी देणारे आणि प्रवेशद्वारावर उभे असणारे असे तीन निरनिराळे प्रेक्षक संभवतात. प्रत्येकाच्या हातातली कृती वेगळी आहे, म्हणून प्रत्येकासाठी अनुभवाचा रोखही वेगळा ठेवावा लागतो. रॅम्पकडे जाणाऱ्या दाराचे कुलूप उघडे ठेवणे द्वारपालाला शक्य असते. रॅम्प बांधणे त्याच्या हाती नसते, आणि तो नसल्याची खंत त्याच्या मनात निर्माण करून काहीच साधत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी जॉर्डनमधील झातारी निर्वासित छावणीत राहणाऱ्या एका बारा वर्षांच्या सीरियन मुलीच्या दिनक्रमावर व्हीआर लघुपट तयार केला आणि तो २०१५ मध्ये दावोस येथील जागतिक आर्थिक परिषदेत दाखवला. त्याची भावनिक ताकद मोठी होती हे खरेच; परंतु तो मदतनिधी आणि धोरणे यांबाबत निर्णय घेणाऱ्यांसमोर नेला गेला, ही निवड माझ्या मते तितकीच महत्त्वाची होती. प्रेक्षक कोण, याचा विचार चित्रीकरणाच्या आधी झाला की पटकथेतील अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

या माध्यमाकडून काय अपेक्षा ठेवावी

परदुःख शीतल असते असे आपण म्हणतो. ते तसे राहू नये यासाठी व्हीआर उपयोगी पडते, याला संशोधनाचा बऱ्यापैकी आधार आहे, पण तो आधार कुठपर्यंत जातो हे नीट पाहून घ्यावे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलेन्सन यांच्या प्रयोगशाळेने घर गमावण्याच्या प्रक्रियेवर एक अनुभव तयार केला आणि २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. लिखित कथा वाचून स्वतःला बेघर व्यक्तीच्या जागी कल्पिणाऱ्यांनी आणि व्हीआर अनुभवणाऱ्यांनी सहवेदना वाटल्याचे साधारण सारख्याच प्रमाणात सांगितले. मात्र परवडणाऱ्या घरांना पाठिंबा देणाऱ्या निवेदनावर सही करणाऱ्यांचे प्रमाण व्हीआरच्या गटात अधिक होते, आणि आठ आठवड्यांनंतरही त्या गटाचा दृष्टिकोन अधिक अनुकूल राहिला. येथे तोंडी सांगितलेल्या भावनेत फरक नव्हता आणि कृतीत होता, हे आपल्या कामाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

याच्या जोडीला २०२१ मध्ये मार्टिन्गानो, हेरेरा आणि कॉनराथ या संशोधकांनी अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. व्हीआरमुळे भावनिक सहवेदना वाढते, पण दुसऱ्याचा दृष्टिकोन विचारपूर्वक समजून घेण्याची क्षमता वाढताना दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे मन हेलावते, समज मात्र आपोआप वाढत नाही. ती वाढवण्याचे काम हेडसेटच्या बाहेर, म्हणजे आधीच्या माहितीतून, नंतरच्या चर्चेतून आणि शक्य असेल तेथे संबंधित व्यक्तींशी प्रत्यक्ष बोलण्यातून करावे लागते. या मार्गदर्शिकेत पुढे जे सांगितले आहे ते सर्व या एका गोष्टीभोवती फिरते.

त्यामुळे काही वेळा व्हीआर न वापरणे हाच योग्य निर्णय ठरतो. ज्यांच्या प्रश्नाबद्दल बोलायचे आहे ती माणसे त्याच खोलीत येऊन बोलण्यास तयार असतील, तर त्यांना ऐकावे. त्यांच्याऐवजी त्यांचे चित्रीकरण दाखवणे विचित्र दिसते. प्रश्न मुळात आकडेवारीचा किंवा कायद्यातील बारकाव्यांचा असेल, तर छापील टिपण अधिक उपयोगी पडते.

कोणत्या प्रकारचा अनुभव निवडावा

ढोबळमानाने तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग ३६० अंशांच्या व्हिडिओचा. यात प्रेक्षक मान वळवून सर्व बाजूंना पाहू शकतो, पण पुढे पाऊल टाकले तरी दृश्य त्याच्याबरोबर पुढे सरकत नाही. खर्च कमी, माणसे आणि जागा खऱ्या, त्यामुळे लहान संस्थांनी येथूनच सुरुवात करावी. दुसरा मार्ग संगणकावर उभारलेल्या जगाचा आहे. त्यात प्रेक्षक चालू शकतो, वस्तू उचलू शकतो आणि निर्णय घेऊ शकतो. एखादी व्यवस्था माणसाला कशी अडवते हे दाखवायचे असेल, उदाहरणार्थ मर्यादित पैशांत भाडे, औषध आणि प्रवास यांपैकी काय सोडायचे हे ठरवायला लावायचे असेल, तर हा मार्ग परिणामकारक ठरतो. युनिटी किंवा अनरिअल यांसारखी साधने त्यासाठी वापरली जातात. साध्या अनुभवासाठी ब्राउझरमध्ये चालणारे ए-फ्रेम हे साधनही पुरते.

तिसरा मार्ग परकायाप्रवेशाचा, म्हणजे प्रेक्षकाला दुसऱ्याच्या शरीरात उभे करण्याचा. आरशात दिसणारे आभासी शरीर आपल्या हालचालींबरोबर तंतोतंत हलले, तर मेंदू ते काही काळ आपलेच मानू लागतो. बार्सिलोनातील संशोधकांनी घरगुती हिंसाचाराबद्दल शिक्षा झालेल्या पुरुषांना आभासी जगात पीडित स्त्रीच्या जागी उभे केले. स्त्रीच्या चेहऱ्यावरील भीती ओळखण्यात हे पुरुष आधी कमी पडत होते. अनुभवानंतर ती ओळखण्यात सुधारणा झाल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. हा मार्ग सर्वांत प्रभावी दिसतो, आणि म्हणूनच तो सर्वांत जपून वापरावा. गोऱ्या व्यक्तींना कृष्णवर्णीय अवतार, म्हणजे आभासी शरीर, दिल्यास नकळत बाळगलेला पूर्वग्रह कमी होतो, असे २०१३ मधील एका प्रयोगात दिसले. परंतु २००९ मधील दुसऱ्या एका प्रयोगात, जेथे सहभागी व्यक्तींना कृष्णवर्णीय अवतारात नोकरीच्या मुलाखतीला सामोरे जायचे होते, पूर्वग्रह उलट वाढला होता. अवतार बदलला तरी ज्या प्रसंगात त्याला ठेवले तो प्रसंग जुने साचे जागे करणारा असेल, तर परिणाम उलटा होऊ शकतो, असा अर्थ मी यातून घेतो. मानसशास्त्रज्ञांचे साहाय्य आणि आधी लहान गटावर चाचणी घेण्याची तयारी नसेल, तर हा मार्ग टाळावा.

अपंगत्वाच्या अनुकरणातील सापळा

डोळ्यांवर पट्टी बांधून पाच मिनिटे चालायला लावणे, कानांत बोळे घालून संवाद साधायला सांगणे, असे उपक्रम फार जुने आहेत आणि व्हीआरमध्ये ते करणे आणखी सोपे झाले आहे. त्यांचा मोह कितीही झाला तरी तो आवरावा. स्वतः अंध असलेल्या मानसशास्त्रज्ञ एरिएल सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, अंधत्वाचे अनुकरण केलेल्या लोकांनी त्यानंतर अंध व्यक्तींना नोकरी करण्यास आणि स्वतंत्रपणे राहण्यास कमी सक्षम ठरवले. कारण उघड आहे. दृष्टी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांतील गोंधळ त्यांनी अनुभवला. अनेक वर्षांत कमावलेले कौशल्य, पांढऱ्या काठीचा सराव, आवाजावरून जागा ओळखण्याची सवय यांपैकी काहीच त्यांच्या वाट्याला आले नाही. पोहता न येणाऱ्याला खोल पाण्यात ढकलून द्यावे आणि पोहणे ही किती भयंकर गोष्ट आहे असे त्याच्याकडून वदवून घ्यावे, तसाच हा प्रकार होतो. नोकरी देणारे अधिकारी जर प्रेक्षक असतील, तर अशा अनुभवाने प्रत्यक्ष नुकसान होते.

यावर उपाय असा की, शरीरातील उणीव दाखवण्याऐवजी वाटेतील अडथळा दाखवावा. व्हीलचेअर सफाईने चालवणारी एक स्त्री इमारतीत येते, तिला जायची जागा माहीत आहे, तिच्या कामाची कागदपत्रे तयार आहेत. मात्र लिफ्टचे बटण उंचावर आहे, खिडकीपलीकडचा कर्मचारी तिच्याशी न बोलता तिच्याबरोबर आलेल्या माणसाशी बोलतो आणि रॅम्पकडे जाणारे दार बंद आहे. हे पाहून प्रेक्षकाला राग येतो तो दारावर आणि त्या वागणुकीवर. दया येण्यापेक्षा असा राग येणे कितीतरी उपयोगी आहे, कारण दार उघडता येते आणि वागणूक बदलता येते. पटकथेत त्या व्यक्तीचे कौशल्य, विनोदबुद्धी आणि कंटाळासुद्धा येऊ द्यावा; सतत सोसणारे माणूस कोणाच्याच ओळखीचे नसते.

मानसशास्त्रज्ञ डॅनिएल बॅटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेला एक भेदही येथे उपयोगी पडतो. ‘मी त्याच्या जागी असतो तर मला काय वाटले असते’ अशी कल्पना केली असता दुसऱ्याविषयीच्या काळजीबरोबर स्वतःची अस्वस्थताही वाढते, आणि ‘त्याला काय वाटत असेल’ अशी कल्पना केली असता ती काळजी अधिक निर्भेळ राहते. अस्वस्थ झालेला माणूस पुष्कळदा त्या अस्वस्थतेतून सुटण्याची वाट शोधतो, मग ती हेडसेट काढून टाकण्याचीही असू शकते. म्हणून बहुतेक विषयांत प्रेक्षकाला त्या व्यक्तीच्या शेजारी बसवणे हे त्याला तिच्या शरीरात बसवण्यापेक्षा अधिक फलदायी ठरते.

ज्यांचे आयुष्य दाखवायचे, त्यांच्याशी करार

संमतीपत्रावर सही घेतली की काम झाले, असे समजू नये. ३६० अंशांच्या चित्रीकरणात चौकट नसते, त्यामुळे घराच्या भिंतीवरचा फोटो, दारातून डोकावणारा शेजारी, खिडकीबाहेरची पाटी हे सर्व टिपले जाते आणि त्यावरून व्यक्तीचा ठावठिकाणा कळू शकतो. याची कल्पना शब्दांनी येत नाही. संमती मागण्यापूर्वी त्या व्यक्तीला स्वतः हेडसेट घालायला द्यावा, दुसऱ्या कोणाच्या घराचे असे चित्रीकरण दाखवावे आणि मग निर्णय घेण्यासाठी काही दिवस द्यावेत. कथनाचा आराखडा तिच्याबरोबर बसून तयार करावा, तिच्या वेळेचा मोबदला द्यावा, संकलित प्रत सर्वप्रथम तिला दाखवावी आणि कोणतेही दृश्य कारण न देता काढून टाकण्याचा तिचा अधिकार लेखी मान्य करावा. अनुभव किती काळ, कोठे आणि कोणासमोर दाखवला जाईल याची मुदत करारात असावी. लहान मुले, छळातून सुटलेल्या व्यक्ती किंवा ज्यांच्यावर सूड उगवला जाण्याची शक्यता आहे अशा व्यक्ती असतील, तर खरा चेहरा आणि खरी जागा न वापरता रेखाटलेले किंवा संगणकीय दृश्य वापरावे. आवाज हवा असल्यास तोही दुसऱ्याकडून बोलून घ्यावा.

दुःखाचे पर्यटन होऊ नये याची खबरदारी प्रत्येक टप्प्यावर घ्यावी लागते. मार्क झुकरबर्ग यांनी २०१७ मध्ये चक्रीवादळाने उद्ध्वस्त झालेल्या प्वेर्तो रिकोची व्हीआरमधून ‘सफर’ करणारे प्रक्षेपण केले, तेव्हा पूरग्रस्त रस्त्यांच्या पार्श्वभूमीवर हसणारे कार्टून अवतार पाहून तीव्र टीका झाली आणि त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. प्रक्षेपणाचा हेतू मदतकार्याची माहिती देण्याचा होता. तंत्राचे कौतुक आणि माणसांची आपत्ती एकाच दृश्यात ठेवली की हेतू कोणालाच दिसत नाही.

चित्रीकरण आणि संकलन

पहिल्या प्रयत्नात एकूण लांबी आठ ते दहा मिनिटांपुढे नेऊ नये. कॅमेऱ्याची उंची हा यातील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत बोलका निर्णय असतो. व्हीलचेअरवर बसलेल्या प्रौढ व्यक्तीच्या डोळ्यांची उंची साधारण १.१ ते १.२ मीटर असते. कॅमेरा त्या उंचीवर ठेवला की उंच खिडकी आणि वरून बोलणारी माणसे यांवर वेगळे भाष्य करावे लागत नाही. प्रेक्षक खुर्चीवर बसून पाहणार असेल, तर उभ्या माणसाच्या उंचीवरून केलेले चित्रीकरण त्याला तरंगल्यासारखे वाटते, हेही लक्षात घ्यावे.

कॅमेरा स्थिर ठेवावा. चालता कॅमेरा पडद्यावर सुंदर दिसतो, पण हेडसेटमध्ये डोळ्यांना गती जाणवते आणि कानातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला ती जाणवत नाही. या विसंगतीतून मळमळ होते. माणसे कॅमेऱ्यापासून किमान एक ते दीड मीटर अंतरावर असावीत, नाहीतर दोन भिंगांची दृश्ये जेथे जोडली जातात तेथे चेहरे दुभंगलेले दिसतात. प्रत्येक नव्या जागी पहिले काही क्षण काहीही महत्त्वाचे घडू देऊ नये, कारण प्रेक्षक तेव्हा आजूबाजूला पाहत असतो. त्यानंतर दृश्य निदान अर्धा मिनिट टिकू द्यावे. प्रेक्षकाने कोठे पाहावे हे सुचवण्यासाठी आवाजासारखे साधन नाही. मागून दार वाजले की माणूस वळतोच. त्यासाठी दिशा टिपणारे ध्वनिमुद्रण आवश्यक आहे, आणि खर्चात काटकसर करायची असेल तर ती चित्राच्या दर्जात करावी, आवाजात करू नये.

प्रेक्षक या जगात कोण आहे, हेही ठरवावे लागते. तो अदृश्य आहे, की खोलीतील माणसे त्याच्याकडे पाहून बोलतात? दोन्ही पद्धती चालतात, पण अधूनमधून बदलल्या तर प्रेक्षक गोंधळतो. संगीत शक्यतो टाळावे. डोळ्यांत पाणी आणण्यासाठी व्हायोलिनची गरज भासत असेल, तर दृश्यातच काहीतरी कमी आहे.

संगणकीय जग उभारणाऱ्यांसाठी दोन आकडे महत्त्वाचे आहेत. दृश्य दर सेकंदाला किमान ७२, शक्यतो ९० वेळा नव्याने रेखाटले जावे आणि मान वळवणे व दृश्य बदलणे यांतील विलंब २० मिलिसेकंदांच्या आत राहावा. एवढे साधत नसेल, तर देखावा साधा करावा.

दाखवण्याची बैठक

एका वेळी पाच-सहा प्रेक्षक आणि त्यांच्यासोबत दोन मार्गदर्शक, एवढाच गट हाताळता येतो. सर्वांना फिरत्या खुर्च्यांवर बसवावे, प्रत्येकाच्या डोळ्यांतील अंतरानुसार भिंगे जुळवावीत आणि प्रत्येक वापरानंतर चेहऱ्याला लागणारा भाग पुसावा. अनुभवात काय आहे हे आधी स्पष्ट सांगावे. हिंसा, कोंडून घातले जाणे किंवा मृत्यू यांचा उल्लेख असेल, तर तसे सांगितल्याने परिणाम कमी होतो ही भीती बाळगू नये. बंद हेडसेटच्या आत अचानक जुनी जखम उघडी पडणे हे कोणत्याही परिणामाची किंमत म्हणून मान्य करता येत नाही. हात वर करताच अनुभव थांबेल आणि कारण विचारले जाणार नाही, हा नियम सर्वांसमोर सांगावा. अपस्मार असलेल्यांनी हेडसेट वापरू नये आणि उत्पादकाने दिलेली किमान वयाची अट पाळावी. ज्यांना हेडसेट नको असेल त्यांच्यासाठी तोच अनुभव साध्या पडद्यावर, उपशीर्षकांसह उपलब्ध ठेवावा. ज्यांनी हा प्रश्न स्वतः भोगला आहे अशांना तो पुन्हा पाहण्याचा आग्रह करू नये. ज्याचे जळते त्याला कळते. त्यांचे स्थान चर्चेत आहे आणि तेही त्यांची इच्छा असेल तरच.

दहा मिनिटांच्या अनुभवानंतर किमान अर्धा तास चर्चेसाठी राखावा. हेडसेट काढल्यावर दोन मिनिटे शांत बसू द्यावे. ‘कसे वाटले?’ हा पहिला प्रश्न टाळावा, कारण त्याचे उत्तर प्रत्येक जण आपण किती संवेदनशील आहोत हे दाखवण्यासाठी देतो. त्याऐवजी ‘काय दिसले?’, ‘कोणी काय केले?’, ‘ती वाट कोणी अडवली आणि कोणाला ती मोकळी करता आली असती?’ असे विचारावे. मग ‘या दहा मिनिटांत काय दिसले नाही?’ हा प्रश्न घ्यावा. त्या स्त्रीचे उरलेले तेवीस तास, तिचे मित्र, तिची नोकरी यांबद्दल आपल्याला काहीच कळलेले नाही हे मान्य करणे म्हणजेच समजुतीची सुरुवात असते. ‘आता मला सर्व कळले’ असे कोणी म्हणाले, तर त्याला नम्रपणे या प्रश्नाकडे परत आणावे.

चर्चेच्या शेवटी सुरुवातीला ठरवलेली कृती टेबलावर प्रत्यक्ष ठेवलेली असावी, मग ती देखभालीच्या कामांची यादी असो, सहीचे निवेदन असो किंवा संबंधित संघटनेशी भेटीची वेळ ठरवण्याचे पत्रक असो. भावना ओसरण्यापूर्वी हे व्हावे, पण सर्वांदेखत सक्ती करून होऊ नये. पत्रक घरी नेण्याची मुभा असावी.

परिणाम तपासणे आणि शेवटची जबाबदारी

प्रश्नावली अनुभवाच्या आधी, लगेच नंतर आणि साधारण दोन महिन्यांनी अशी तीनदा भरून घ्यावी. त्यात केवळ ‘वाईट वाटले का’ हे न विचारता ‘या व्यक्तीला तुमच्या विभागात कामावर घ्याल का’, ‘ती हे काम स्वतंत्रपणे करू शकेल असे वाटते का’ असे प्रश्न घालावेत, म्हणजे अनुभवाने दया वाढवून विश्वास घटवला असेल तर ते ताबडतोब कळेल. शक्य असल्यास दुसऱ्या एका गटाला तीच कथा छापील स्वरूपात वाचायला देऊन दोन्ही गटांची तुलना करावी. छापील कथेने तेवढेच काम होत असेल, तर पुढचा खर्च वाचवावा. आणि सर्वांत भक्कम मोजमाप प्रश्नावलीच्या बाहेर असते: दार उघडे आहे का, बटण खाली आले का, अर्ज मंजूर झाला का.

हेडसेट नजरेची दिशा, हातांची हालचाल आणि शरीराची ठेवण यांची नोंद करू शकतो, आणि अशा हालचालींवरून माणूस ओळखता येतो. ही माहिती गरज नसताना गोळा करू नये; केलीच, तर कशासाठी आणि किती दिवस ठेवणार हे प्रेक्षकाला आधी सांगावे.

जे निष्कर्ष निघतील ते देणगीदारांना पाठवण्यापूर्वी ज्या व्यक्तीचे आयुष्य दाखवले तिला सांगावेत. वर्षातून एकदा तिच्याशी बोलून परिस्थिती बदलली आहे का, तिला अजूनही हे दाखवले जावे असे वाटते का, हे विचारावे. तिने नकार दिल्यास किंवा कराराची मुदत संपल्यास अनुभव मागे घ्यावा आणि प्रत्येक हेडसेटमधून, सामायिक संगणकांवरून व भागीदार संस्थांकडील प्रतींमधूनही तो काढल्याची लेखी नोंद तिच्या हाती द्यावी.